व्हिसा मेडिकल, जुना टीबी आणि आठ आठवड्यांची वाट

ज्यांना आधी कधी टीबी होऊन गेलाय आणि आता अमेरिकेच्या इमिग्रंट व्हिसाची मेडिकल समोर आहे, मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितेय. बाकीच्यांनाही उपयोग होईल, मेडिकल सगळ्यांनाच द्यावी लागते. पण मी जेव्हा शोधत होते तेव्हा "एक्स-रे काढला, लस घेतली, दोन तासात घरी" असंच सगळीकडे वाचायला मिळालं, आणि ज्याचं दोन तासात संपत नाही त्याचं पुढे काय होतं ते कुणी नीट सांगेना. माझं जूनमध्ये सुरू झालं ते सप्टेंबरमध्ये संपलं.

आमची केस भावाबहिणींच्या कॅटेगरीतली, एफ-४. अमेरिकेतल्या दादाने २००६ च्या सुरुवातीला माझ्यासाठी पिटिशन (बहिणीला तिकडे बोलावण्याचा अर्ज) टाकली तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं, आता मुलगी दहावी पास झाली. एवढी वर्षं थांबल्यावर फाइल पुढे सरकली, मग नॅशनल व्हिसा सेंटरच्या फिया (स्पॉन्सरच्या कागदांचे १२० डॉलर एकदाच, आणि व्हिसाचे माणशी ३२५), डीएस-२६० फॉर्म (इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), जन्मदाखले, पोलिस क्लिअरन्स हे सगळं करून मे २०२५ मध्ये इंटरव्ह्यू लेटरची ईमेल आली. २ जुलै, मुंबई कॉन्सुलेट, बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स).

लेटर आलं की पहिलं काम मेडिकलची अपॉइंटमेंट. कुठल्याही डॉक्टरकडे जाऊन चालत नाही, कॉन्सुलेटने नेमलेले पॅनल फिजिशियन असतात, त्यांची यादी लेटरसोबत दिलेल्या सूचनांमध्ये असते, त्यातलंच एक निवडायचं. आपला फॅमिली डॉक्टर कितीही मोठा असला तरी त्याचं सर्टिफिकेट तिथे चालत नाही. मी त्याच दिवशी फोन लावला, त्यांनी लेटर आणि पासपोर्टच्या कॉप्या मागवल्या आणि ५ जूनची तारीख दिली. फोनवरच फी विचारून घ्या, आणि लसींचे पैसे वेगळे का ते पण विचारा, कारण ते बहुतेक वेगळेच असतात. आमचा तिघांचा मिळून खर्च पाच आकड्यांत गेला आणि त्यात लसींचा वाटा चांगलाच मोठा होता.

आता टीबीचं सांगते. २००१ साली मी एकोणीस वर्षांची असताना मला फुफ्फुसाचा टीबी झाला होता. आम्ही तेव्हा काळाचौकीला चाळीत राहायचो. महापालिकेच्या दवाखान्यात डॉट्सवर सहा महिने गोळ्या घेतल्या, दिवसाआड जायचं, तिथल्या ताईंच्या समोर गोळ्या गिळायच्या, त्यातल्या रिफाम्पिसिन नावाच्या औषधाने लघवी नारिंगी व्हायची ती पहिल्यांदा बघून मी रडले होते. पूर्ण बरी झाले. पण चाळीत कुणाला कळू नये म्हणून आई किती जपायची ते मला आठवतं, औषधाला जाताना "क्लासला चाललीय" सांगायची. लग्नाच्या वेळी मी नवऱ्याला स्वतः सांगितलं, सासरी बाकी कुणाला माहीत नव्हतं. इतकी वर्षं हा विषय आमच्या घरात बंदच होता आणि आता अचानक एका फॉर्मवर प्रश्न येणार होता की तुम्हाला कधी टीबी झाला होता का.

नवऱ्याच्या आत्यांना कळलं तेव्हा त्या काळजीनेच म्हणाल्या, "अगं पंचवीस वर्षं होत आली, कशाला सांगतेस, उगाच सगळ्यांचं अडेल." मला रात्री झोप लागेना कारण खरंच सगळ्यांचं अडणार होतं. मुख्य अर्जदार मी, नवरा आणि मुलगी माझ्या मागे, माझा व्हिसा झाल्याशिवाय त्यांचा होत नाही. पण दादाशी बोलले, नवऱ्याशी बोलले आणि ठरवलं की सांगायचंच. एक तर एक्स-रेमध्ये जुना डाग दिसतोच, डॉक्टरांना विचारायचीही गरज पडत नाही. दुसरं म्हणजे इमिग्रेशनमध्ये जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं ठरलं तर ते आयुष्यभर नडू शकतं, आणि बऱ्या झालेल्या टीबीने तसं काहीच होत नाही. तेव्हा कुणी प्रेमाने लपवायला सांगितलं तरी कृपा करून ऐकू नका.

आईकडे तेव्हाचं उपचाराचं कार्ड होतं. जुन्या रेशनकार्डाच्या फाइलमध्ये घडी करून ठेवलेलं, कडा फाटलेल्या, पण औषध कधी सुरू झालं, कधी संपलं, शेवटची थुंकी निगेटिव्ह, हे सगळं वाचता येत होतं. ते लॅमिनेट न करता प्लॅस्टिकच्या पाउचमध्ये घातलं आणि कॉप्या काढल्या. तुमच्याकडे असला काही कागद असेल तर तो पासपोर्टइतकाच सांभाळा. नसेल तर निदान वर्ष, दवाखाना, किती महिने औषध घेतलं हे आठवून एका कागदावर लिहून न्या, तिथे ऐनवेळी विचारलं की गोंधळायला होतं.

५ जूनला सकाळी डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली. सोबत तिघांचे ओरिजिनल पासपोर्ट, इंटरव्ह्यू लेटर, डीएस-२६० चं कन्फर्मेशन पान, दोन बाय दोन इंचाचे फोटो, लसींचे रेकॉर्ड, चालू औषधांची चिठ्ठी, चष्मे. उपाशी जायची गरज नव्हती, आम्ही पोहे खाऊन गेलो. बायकांसाठी सांगते, साडी नेसू नका, सुटसुटीत कुर्ता घाला. एक्स-रेला मंगळसूत्र, चेन, हुकवाले कपडे सगळं काढून गाऊन घालावा लागतो, आणि वेणी पाठीवर असली तर ती पण एक्स-रेमध्ये उमटते म्हणून केस वर बांधायला लावतात, एक साधा क्लिप जवळ ठेवा. पाळी शेवटची कधी आली ते विचारतात, प्रेग्नन्सीची शक्यता असेल तर आधी सांगायचं, एक्स-रे आणि काही लसी दोन्हीचा प्रश्न असतो.

आधी काउंटरवर फोटो, बोटांचे ठसे, सही. मग उंची, वजन, बीपी, डोळ्यांचा तक्ता वाचणं. रक्त कुणाचं कशासाठी घेतात ते वयावर आहे. सिफिलिसची टेस्ट १८ ते ४४ वयात लागते म्हणून माझी झाली, नवरा ४६ चा म्हणून त्याची नाही आणि मुलगी सोळाची म्हणून तिचीही नाही. १८ ते २४ वाल्यांना गोनोरियासाठी लघवी पण द्यावी लागते. एचआयव्हीची टेस्ट २०१० पासून काढून टाकलीय. छातीचा एक्स-रे १५ वर्षांवरच्या सगळ्यांना, आणि २ ते १४ वयाच्या मुलांची भारतात टीबीसाठी रक्ताची टेस्ट होते, आयजीआरए म्हणतात ती.

लसींचं जरा सविस्तर सांगते कारण इथे पैसे वाचवता येतात. आपल्या पिढीकडे लहानपणीचं कार्ड नसतंच, माझ्याकडे दंडावरची बीसीजीची खूण सोडून काही पुरावा नव्हता. मोठ्या माणसांना साधारण एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला), कांजिण्या, हिपॅटायटिस बी, सीझनप्रमाणे फ्लू अशा लसी बघतात, वयाप्रमाणे यादी बदलते. कोविडची लस २०२१ पासून सक्तीची होती, ती अट २०२५ मध्ये काढली. आम्ही एमएमआर आणि टीडॅप आधीच डोंबिवलीत आमच्या डॉक्टरांकडून घेऊन गेलो होतो, तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर, सही आणि शिक्का असलं की ते मान्य झालं. नवऱ्याला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या की नाही ते सासूबाईंना नक्की आठवेना, मग त्याचं अँटीबॉडीसाठी रक्त घेतलं, अँटीबॉडी निघाल्या, लस वाचली. एक लक्षात ठेवा, एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी घेतात किंवा मग मध्ये २८ दिवस सोडावे लागतात, त्यामुळे एक बाहेर घेऊन दुसरी क्लिनिकमध्ये घ्यायचा विचार असेल तर आधी दिवस मोजा. मुलीची फाइल तिच्या बालरोगतज्ज्ञांकडची होती, जवळजवळ सगळं पूर्ण, फक्त मेनिंगोकोकलची (मेंदूज्वराची) लस राहिली होती, ती ११ ते १८ वयाला लागते आणि ती महाग आहे, खर्चाची तयारी ठेवा. आणि ज्या लसीचे दोन-तीन डोस असतात ते सगळे पूर्ण होईपर्यंत थांबवत नाहीत, त्या वेळेला जो द्यायचा तो दिला की भागतं.

मग डॉक्टर. एकेकाला आत बोलावलं, मुलीबरोबर मला बसू दिलं. छाती, पोट, गळ्याच्या गाठी, त्वचा तपासली. आत्तापर्यंतची ऑपरेशनं, दारू, ड्रग्ज, डिप्रेशन, कधी स्वतःला इजा करून घेतली का असे प्रश्न सगळ्यांनाच असतात, पोरांना जाण्याआधी सांगून ठेवा म्हणजे बिचकणार नाहीत. नवऱ्याला डायबेटिस आहे, गोळ्यांची चिठ्ठी बघितली, लिहून घेतलं, पुढे गेले. व्हिसा द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत, ते रिपोर्ट पाठवतात आणि निर्णय कॉन्सुलेटचा.

मी कार्ड पुढे केलं आणि सांगितलं की २००१ मध्ये टीबी झाला होता, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केलाय. इतक्या वर्षांत हे वाक्य मी परक्या माणसासमोर पहिल्यांदा बोलले असेन, हात थंड पडले होते. डॉक्टरांनी कार्ड शांतपणे वाचलं, कॉपी ठेवून घेतली, म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत, आता एक्स-रे बघू."

दुसऱ्या दिवशी फोन आला. उजव्या बाजूला वरच्या भागात फायब्रोसिस आहे, थुंकीची तपासणी करावी लागेल. मी विचारलं, म्हणजे टीबी परत आलाय का? त्या बाईंनी नीट समजावलं की तसं नाही, गुडघा फुटला की कातडीवर डाग राहतो तसा हा आतला व्रण असू शकतो, पण एक्स-रेवरून डाग जुना की जिवंत ते ठरवता येत नाही, म्हणून जंतू वाढतात का ते लॅबमध्ये बघायचं. नियम अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा आहे, तीन वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने, मायक्रोस्कोपखाली तपासणी आणि कल्चर. मायक्रोस्कोपचा रिपोर्ट लवकर येतो, कल्चरला मात्र आठ आठवड्यांपर्यंत लागतात कारण टीबीचे जंतू फार हळू वाढतात. त्याला कुठलाही शॉर्टकट नाही, जास्त पैसे देऊन लवकर होत नाही, ओळखीनेही नाही.

मला १६, १७ आणि १८ जून मिळाले. घरून डबीत आणलेलं चालत नाही, त्यांच्या माणसासमोरच द्यावं लागतं. सकाळी लवकर, काही न खातापिता, फक्त साध्या पाण्याने चूळ भरून. पाऊस, पहाटेची लोकल, रिकामं पोट, आणि वर ही भीती की बेडका आलाच नाही तर. बरोबर नवरा होता, त्याने तीनही दिवस उशिरा येण्याची परवानगी काढली होती. आत वेगळी हवेशीर जागा होती, नर्स काचेपलीकडून बघत होत्या. पहिल्या दिवशी माझी नुसती लाळच येत होती, मला तर खोकलाच नव्हता! मग त्यांनी मिठाच्या पाण्याची वाफ दिली, नेब्युलायझरवर, दहा-पंधरा मिनिटांत छातीतून खरवडून खोकला आला आणि काम झालं. त्या नर्सनी शिकवलेली पद्धत सांगते: आदल्या रात्री भरपूर पाणी प्यायचं, सकाळी दोन-तीन वेळा खोल श्वास घेऊन रोखून धरायचा, मग घशातून नाही, पोटापासून जोर लावून खोकायचं. दुसऱ्या दिवशी वाफ न घेता जमलं. आणि या प्रकाराची लाज वाटून घेऊ नका, तिथे रोज माणसं येतात, माझ्या पुढे एक आजोबा होते, पोरीकडे कायमचे चालले होते, त्यांच्याशी बोलून मला इतका धीर आला.

या तपासणीचे पैसे मूळ फीमध्ये नसतात, वेगळे भरले.

मायक्रोस्कोपचे तिन्ही रिपोर्ट निगेटिव्ह आले. मग नुसती वाट. मध्येच २ जुलैचा इंटरव्ह्यू. मेडिकल अपुरी असताना जायचं का हा प्रश्न होता, आम्ही गेलो. आधी बीकेसीतच व्हिसा ॲप्लिकेशन सेंटरला फोटो आणि ठसे झाले होते. कॉन्सुलेटमध्ये मोबाइल, बॅग नेता येत नाही, कागदांची फाइल तेवढी. ऑफिसरने दादाच्या आणि माझ्या जन्मदाखल्यांवरची आईवडिलांची नावं जुळवली, लग्नाचं विचारलं, मुलीला तिच्या शाळेबद्दल विचारलं आणि म्हणाली की बाकी सगळं ठीक आहे, तुमची मेडिकल यायची बाकी आहे. हातात २२१जीची चिठ्ठी दिली आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर स्टेटस बघितलं तर "रिफ्यूज्ड". दादाचा आवाजच फुटेना फोनवर. हे आधीच माहीत असू दे: २२१जी म्हणजे कागद किंवा तपासणी अपुरी, आणि सिस्टीममध्ये त्याला रिफ्यूज्ड असंच दाखवतात. अपुरं ते पोचलं की केस परत हलते. चिठ्ठीवर काय लिहिलंय ते वाचा, स्क्रीनवरच्या शब्दाने खचू नका. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर ती रात्र जरा बरी गेली असती.

जुलै-ऑगस्ट फार कठीण गेले. अकरावीचं ऑनलाइन ॲडमिशन चालू होतं, घ्यायचं की नाही? आम्ही घेतलं, फी भरली, क्लासही लावला. मुलीचं वर्ष कुणाच्या कल्चरवर टांगून ठेवता येत नाही. नवऱ्याने नोकरीचा राजीनामा दिला नाही, घर भाड्याने द्यायचं बोलणं थांबवलं. तुम्हाला पण हेच सांगेन, व्हिसा छापून हातात येईपर्यंत काहीही विकू नका, सोडू नका, तिकिटं काढू नका. नातेवाईक विचारायचे, "मेडिकलमध्ये फेल झाली का गं?" पहिल्यांदा मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचे. मग एक दिवस सासूबाईंना सगळं सांगितलं, २००१ पासूनचं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या बहिणीला होता, आम्ही पण नाही सांगितलं कुणाला." त्यानंतर विचारणाऱ्याला मी सरळ सांगायला लागले की जुना टीबी होता, त्याची तपासणी चालू आहे. कुणी लांब सरकलं नाही, एक-दोघांनी मात्र स्वतःचंच सांगितलं.

क्लिनिकला सारखे फोन करून उपयोग नव्हता, ते एकच सांगायचे की आला की कळवू. २१ ऑगस्टला कळवलं. तिन्ही कल्चर निगेटिव्ह. रिपोर्ट त्यांनीच ऑनलाइन कॉन्सुलेटला पाठवला. माझं क्लासिफिकेशन बी-१ टीबी झालं, म्हणजे एक्स-रेमध्ये खूण आहे पण जंतू नाहीत, आणि त्याने व्हिसा अडत नाही. कल्चर पॉझिटिव्ह आलं असतं तर देखरेखीखाली पूर्ण उपचार घेऊन मग परत तपासणी झाली असती, लांबलं असतं, पण तेव्हाही केस कायमची बंद होत नाही.

गणपतीत स्टेटस बदललं, "इश्यूड". सप्टेंबरमध्ये पासपोर्ट मिळाले. इथे एक महत्त्वाचं. साध्या मेडिकलची मुदत सहा महिने असते, बी-१ वाल्यांची कल्चरच्या रिपोर्टपासून तीनच महिने, आणि व्हिसाची तारीख त्याला बांधलेली असते. माझा व्हिसा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच आहे, त्यामुळे पासपोर्ट आल्या आल्या आधी ती तारीख वाचा आणि मग तिकीट बघा. आम्ही दिवाळी इथे करून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. जायच्या आधी ग्रीन कार्डाची माणशी २३५ डॉलर फी ऑनलाइन भरायची असते, ती भरली. एक्स-रेची सीडी क्लिनिकने दिलीय, ती चेक-इन बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवायची, कारण बी-१ वाल्यांना तिथे पोचल्यावर लोकल हेल्थ डिपार्टमेंटकडून परत तपासणीसाठी बोलावणं येतं आणि तेव्हा आधीचा एक्स-रे लागतो. दादाचा पत्ता आणि फोन नंबर फॉर्मवर बरोबर आहे ना ते परत एकदा बघून घेतलं, बोलावणं त्याच पत्त्यावर येणार. आईचं ते कार्ड पण नेतेय, त्याची एक कॉपी आईकडे ठेवलीय.